इजाऱ्याची पेशवाई

पुण्याची पेशवाई एकदां १८१८ सालीं बुडाली आणि दुसऱ्यांदां २०१७ सालीं. पहिलीच्या बुडण्यावर ग्रंथ झाले, वाद झाले, आणि ते वाद अजून मिटलेले नाहींत. दुसरीची मात्र शहरांत कोणी साधी विचारपूसहि केली नाहीं. ‘पुणे पेशवाज’ हें एका बास्केटबॉल संघाचें नांव होतें. अमेरिकन पाठबळावर उभी राहिलेली ‘युनायटेड बास्केटबॉल अलायन्स’ ही साखळी-स्पर्धा त्या काळांत सुरू झाली. तींत सहा शहरांचे आणि दोन प्रांतांचे मिळून आठ संघ होते. खेळाडूंस पगार होता, संघांस दणदणीत नांवें होतीं; मुंबईकर ‘चॅलेंजर्स’, चेन्नईकर ‘स्लॅम’, आणि आमचे अर्थातच पेशवे. चार हंगाम झाले आणि २०१७ नंतर सर्व शांत झालें.

या पेशव्यांस शनिवारवाडा नव्हता, हें त्यांचें मुख्य दुखणें. सामने त्या त्या गांवीं न होतां एके ठिकाणीं भरविले जात. त्यामुळें पुण्याचा म्हणविणारा संघ पुणेकरांच्या नजरेस पडे तो बहुधा पडद्यावरच. त्यांतच या खेळाच्या राष्ट्रीय महासंघांत उभी फूट पडलेली. मार्च २०१५ मध्यें महासंघाच्या अध्यक्षपदाच्या दोन निवडणुका झाल्या, एक बंगळूरास आणि एक पुण्यांत. अध्यक्षहि अर्थात दोन निवडले गेले. पुढें आंतरराष्ट्रीय महासंघानें बंगळूरच्या गटास मान्यता दिली. अशा भाऊबंदकीच्या दिवसांत जन्मलेल्या संघाची पत्रिका कोणत्याहि ज्योतिष्यास वाचतां आली असती.

पण आमचा विषय हा एकच संघ नव्हे. २००७ पासून २०१९ पर्यंतच्या बारा वर्षांत पुण्याच्या नांवाचे निदान सात पगारी संघ जन्मले आणि निजधामास गेले: फुटबॉलचे चार, क्रिकेटचे दोन आणि बास्केटबॉलचा हा एक. ज्या शहरांत पी. वाय. सी. जिमखाना १९०० पासून, डेक्कन जिमखाना १९०६ पासून आणि महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून अखंड चालत आलें आहे, त्या शहराला पैशांची रेलचेल असतांना एक फुटबॉल-संघ दहा वर्षेंहि धड टिकवितां येऊं नये, याचें कारण शोधण्यासारखें आहे. 

हा रोग केवळ आपल्याकडचा, असें मात्र कोणी समजूं नये. बास्केटबॉल हा खेळच मुळीं अमेरिकेंत, स्प्रिंगफील्ड येथें १८९१ सालीं नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें हिंवाळ्यांत मुलांस घरांत खेळतां यावें म्हणून काढला. त्या देशांत एप्रिल १९४६ मध्यें पेन्सिल्व्हेनियाच्या कोळसा व गिरण्यांच्या गांवांनीं एक लहानशी साखळी सुरू केली. आज जगप्रसिद्ध असलेली मोठी साखळी त्यानंतर कांहीं आठवड्यांनीं जन्मली. म्हणजे वयानें ही धाकटी म्हणविणारीच थोरली! विल्क्स-बॅरे, हेझल्टन, ॲलनटाउन अशा गांवांचे खेळाडू आठवडाभर दुसरी नोकरी करीत आणि सुटीच्या दिवसांत खेळत. पगार बेताचा, प्रेक्षागार लहान, पण बसलेला माणूस खेळाडूचा शेजारी असे. पुढें १९७८ मध्यें तिनें ‘कॉन्टिनेंटल’ असें भारदस्त नांव घेतलें व ती देशभर पसरली. अनेक गांवांत संघ निघाले आणि मोडले, तरी साखळी तगली. १९९९ मध्यें मात्र एका विख्यात माजी खेळाडूनें, आयझाया थॉमस यानें, ती सगळीच्या सगळी सुमारें एक कोटी डॉलरला विकत घेतली. वेगवेगळ्या गांवचे वेगवेगळे धनी गेले आणि एकच धनी आला. दोन वर्षांच्या आंत, २००१ सालीं, दिवाळें निघालें. त्यानंतर तिनें कसाबसा पुन्हां श्वास घेतला आणि २००९ मध्यें तो कायमचा थांबला. पन्नास वर्षें जी गोष्ट अनेक छोट्या धन्यांनीं रडतखडत चालविली, ती एका मोठ्या धन्याच्या हातीं दोन वर्षें टिकली नाहीं, हें ध्यानांत ठेवून आपण पुण्यास परत येऊं.

पुण्याच्या पगारी फुटबॉलची कथा खरोखर चांगली सुरू झाली होती. २००७ मध्यें पिरामल उद्योगसमूहानें ‘पुणे एफ. सी.’ काढली. पहिल्या वर्गांत पाऊल टाकल्याबरोबर, २००९-१० च्या हंगामांत, हा संघ देशांत तिसरा आला. गोव्याचे डेरिक परेरा यांच्या शिकवणुकीखालीं २०१२-१३ मध्यें दुसरा. २०१४ च्या ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यांत साळगांवकर संघाकडून तो अवघ्या एका गोलानें हरला. याहून महत्त्वाचें म्हणजे त्यानें मुलांची शाळा काढली, आणि तिच्या पोरांनीं वयोगटाची राष्ट्रीय स्पर्धा एकाहून अधिक वेळां जिंकली. बालेवाडीच्या त्या अफाट प्रेक्षागारांत चारदोन हजार माणसें विखरून बसत आणि रिकाम्या खुर्च्यांवरून त्यांच्याच आरोळ्या घुमून परत येत. तरी तीं माणसें पुन्हां येत. एखाद्या गोष्टीची शहराला संवय लागते ती अशीच, हळूहळू.

मग २०१४ सालीं एकाएकीं सुबत्ता आली. नवीन, झगमगीत ‘इंडियन सुपर लीग’ निघाली आणि तींत ‘एफ. सी. पुणे सिटी’ हा दुसरा संघ उतरला. मालकांत हिंदी चित्रपटांतला नट, भागीदार इटलीचा फिओरेंतिना क्लब, आणि खेळाडूंत फ्रान्सचा जगज्जेता त्रेझेगे! त्याच सुमारास कल्याणी समूहानें ‘भारत एफ. सी.’ हा तिसरा संघ काढला. म्हणजे २०१५ च्या आरंभीं पुण्यांत तीन धंदेवाईक फुटबॉल-संघ होते, आणि तिघांचें ‘घर’ एकच: १९९४ च्या राष्ट्रीय खेळांकरितां सरकारनें शहराबाहेर हमरस्त्यालगत बांधलेलें बालेवाडीचें क्रीडासंकुल. तीन भाडेकरू आणि एक वाडा! स्वतःचें मैदान एकाचेंहि नाहीं.

भारत एफ. सी. ची हकीकत तर एखाद्या फार्सास शोभणारी आहे. मोठी रक्कम भरून सरळ वरच्या वर्गांत प्रवेश घेणाऱ्या नव्या संघास खालच्या वर्गांत ढकलावयाचें नाहीं, असें अभयवचन होतें. २०१४-१५ मध्यें हा संघ अगदीं शेवटचा आला. पण अभय असल्यामुळें शिक्षा झाली ती त्याच्या वरच्या संघास, आणि तो संघ कोण, तर पांच वेळां देशाचा विजेता ठरलेला गोव्याचा धेंपो. धेंपो खालीं गेला. आणि ज्याच्याकरितां तो गेला, त्या भारत एफ. सी. नें एका हंगामानंतर दुकानच बंद केलें. त्याच वर्षीं पुणे एफ. सी. चा मुख्य संघहि स्पर्धेंतून बाहेर पडला, आणि पुढें तिची शाळा पुणे सिटीनें घेतली. मोकळ्या झालेल्या जागीं ‘डी. एस. के. शिवाजियन्स’ आला. त्याचें मूळ १९८७ पासूनच्या एका स्थानिक क्लबांत होतें, म्हणून आम्हांस कांहीं आशा वाटली होती. लिव्हरपूल क्लबच्या सहकार्यानें त्याची शिक्षणसंस्थाहि होती. परंतु दोन हंगामांनंतर, २०१७ मध्यें, हाहि गेला. त्याचा आश्रयदाता उद्योगच आर्थिक संकटांत सांपडला होता.

क्रिकेटविषयीं फार लिहावयास नको. ३७ कोटि डॉलरला घेतलेला ‘पुणे वॉरियर्स’ २०११ ते २०१३ खेळला आणि मंडळाशीं पैशाच्या तंट्यांत संपला. त्यानंतरचा ‘सुपरजायंट’ तर जन्मतःच दोन वर्षांच्या कराराचा. २१ मे २०१७ रोजीं अंतिम सामन्यांत मुंबईकडून एका धांवेनें हरला आणि त्या रात्रीच त्याचें आयुष्य संपलें. एका धांवेचें दुःख करावयास दुसऱ्या वर्षीं संघच उरला नाहीं.

या यादींत एक गोष्ट वाचकांच्या लक्षांत आली असेल. यांतला एकहि संघ हरल्यामुळें मेला नाहीं. दुसरा आलेला मेला, शेवटचा आलेला मेला, अंतिम सामना गांठलेला मेला. खेळाचा निकाल मैदानावर आणि संघाचा निकाल हिशेबाच्या वहींत, असा हा प्रकार. खऱ्या पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावानें मामलती लिलावानें देण्यास सुरुवात केली होती. जो जास्त बोली बोलेल त्याला वर्षा-दोन वर्षांचा इजारा. इजारदार विहीर खणीत नसे, झाड लावीत नसे. कारण फळ खाण्यास तो तेथें असेल याची खात्री नसे. वतनदारास कितीहि नांवें ठेवा, तो गांवांतच मरावयाचा असे. आमचे हे संघ इजाऱ्याचे होते. नांव शहराचें, मैदान सरकारचें, खेळण्याचा हक्क महासंघाचा, पैसा एका घराण्याचा. यांतलें कोणीहि एक उठून गेलें कीं खेळ खलास. ज्या खेळाडूंनीं तारुण्याचीं चार-सहा वर्षेंच विकावयाचीं असतात, त्यांनीं मात्र दर उन्हाळ्यांत नवा धनी शोधावा. 

याला अपवाद दाखविला जाईल तो कबड्डीच्या ‘पुणेरी पलटण’चा, आणि तो दाखविलाच पाहिजे. हाहि मक्त्याचाच संघ. पण २०१४ पासून तो चालू आहे, आणि १ मार्च २०२४ रोजीं हैद्राबादेस हरयाणाचा २८-२५ असा पाडाव करून त्यानें विजेतेपद मिळविलें, तेव्हां नायक होता अहिल्यानगर जिल्ह्यांतला अस्लम इनामदार. चित्रवाणीचें उत्पन्न हें त्याच्या टिकण्याचें एक कारण खरेंच. आमच्या मतें दुसरें कारण असें कीं, त्याच्या खालीं जमीन होती. मंडळांच्या अंगणांत, शाळांच्या मैदानांवर कबड्डी आधींपासून चालूच होती. पलटण उद्यां मोडली तरी चढाई करणारीं पोरें उरतील. बास्केटबॉलचेंहि असेंच म्हणतां येईल. डेक्कन जिमखान्यावर संध्याकाळीं चेंडूचा आवाज पेशव्यांच्या आधीं येत होता आणि नंतरहि येत राहिला. आपल्या मुलींच्या राष्ट्रीय संघाची कर्णधार झालेली शिरीन लिमये पुण्याचीच. कमी होता तो मधला जिना: जिमखान्याच्या पोरास पगारावर, पण गांवांतच, खेळवील असा लहानसा, कायमचा संघ. तो नसला म्हणजे काय होतें, हें पंजाबांतल्या सतनामसिंगाच्या उदाहरणांत दिसतें. २०१५ मध्यें अमेरिकेच्या मोठ्या साखळींत निवडला गेलेला तो पहिला भारतीय. वाट्यास आला तो टेक्सासमधला दुय्यम संघ, आणि मोठ्या साखळीच्या हंगामांतला एकहि सामना न खेळतां तो परतला.

राहतां राहिली एफ. सी. पुणे सिटीची गोष्ट. २०१७-१८ मध्यें ती उपांत्य फेरीपर्यंत पोंचली, बंगळूरकडून हरली, आणि पुढच्याच वर्षीं मालकांचा पैसा आटला. २०१९ च्या उन्हाळ्यांत संघ विसर्जित झाला, व त्याची साखळींतली जागा हैद्राबादेस देण्यांत आली. त्या जागेवर बसून हैद्राबादनें मार्च २०२२ मध्यें विजेतेपद मिळविलें. पुढें तेथेंहि पैशाची ओढाताण झाली, आणि २०२५ मध्यें तो संघ नांव बदलून दिल्लीस गेला. पुण्याहून निघून दिल्लीपर्यंत पोंचलेली अलीकडची ही एकच स्वारी. मात्र तिच्यांत पुण्याचें असें कांहींच उरलें नव्हतें.