इंग्रजी हायकू

इंग्रजी हायकू : जपानी हायकूच्या आदर्शावर इंग्रजी भाषेत रचली जाणारी लघुकविता. ती सामान्यतः तीन ओळींची, निर्यमक आणि वर्तमानकाळात लिहिलेली असते. एखाद्या क्षणी इंद्रियांना जाणवलेली दोन दृश्ये वा संवेदने तीत शेजारी-शेजारी ठेवलेली असतात व त्यांच्यातील संबंध वाचकाने जोडावा, अशी अपेक्षा असते. विसाव्या शतकाच्या आरंभी काही थोड्या अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय असलेला हा प्रकार शतकाच्या अखेरीस इंग्रजी भाषिक देशांत सर्वाधिक लिहिल्या जाणाऱ्या काव्यप्रकारांपैकी एक ठरला. त्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी एका परकीय काव्यप्रकाराविषयीच्या गैरसमजांचा, त्या गैरसमजांतून झालेल्या नवनिर्मितीचा आणि त्यांच्या क्रमाक्रमाने झालेल्या निरसनाचा इतिहास आहे.

मूळ जपानी प्रकार : अनेक कवींनी मिळून रचावयाच्या ‘रेंगा’ या साखळीकाव्याच्या पहिल्या कडव्यास ‘होक्कू’ म्हणत. ५-७-५ अशा सतरा ध्वनिघटकांच्या या कडव्यास मात्सुओ बाशो (१६४४–९४) याने गंभीर काव्याची प्रतिष्ठा मिळवून दिली. योसा बुसोन (१७१६–८४) आणि कोबायाशी इस्सा (१७६३–१८२८) हे त्या परंपरेतील पुढचे श्रेष्ठ कवी होत. होक्कूला साखळीपासून पूर्णपणे अलग करून त्यास ‘हायकू’ हे नाव रूढ केले ते मासाओका शिकी (१८६७–१९०२) याने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात. ऋतुसूचक शब्द (किगो) आणि रचनेत विराम निर्माण करणारे छेददर्शक अव्यय (किरेजी) ही पारंपरिक हायकूची दोन प्रमुख अंगे. मानवी स्वभावातील विसंगतींवर रचलेल्या, त्याच आकाराच्या विनोदी कवितेस ‘सेन्र्यू’ म्हणतात. ५-७-५-७-७ अशा एकतीस घटकांची ‘तान्का’ ही हायकूहून कितीतरी प्राचीन असून गद्य व हायकू यांच्या मिश्र रचनेस ‘हायबुन’ असे नाव आहे. या सर्वच प्रकारांत आज इंग्रजीतून लेखन होते.

आरंभीचे परिचयकार : डब्ल्यू. जी. ॲस्टन यांच्या जपानी साहित्येतिहासात (१८९९) या प्रकाराची माहिती इंग्रजी वाचकांस मिळाली. बॅझिल हॉल चेंबरलेन (१८५०–१९३५) यांनी १९०२ मध्ये बाशोवर विस्तृत निबंध लिहिला. मात्र या कवितांना त्यांनी ‘एपिग्रॅम’ म्हणजे चटकदार सूक्ती मानले. ही तुलना दिशाभूल करणारी होती. सूक्ती विधान करून संपते. हायकू विधान टाळून सुरू होतो. याच सुमारास अमेरिकेत राहून इंग्रजीत काव्यलेखन करणारे जपानी कवी योने नोगुची (१८७५–१९४७) यांनी १९०४ मध्ये अमेरिकन कवींना होक्कू लिहून पाहण्याचे आवाहन केले. त्यांनी इंग्लंडमध्ये दिलेली व्याख्याने द स्पिरिट ऑफ जॅपनीज पोएट्री (१९१४) या ग्रंथात संगृहीत आहेत. भारतात रवींद्रनाथ टागोर यांनी १९१६ मधील जपान प्रवासावरील आपल्या जापान-जात्री (१९१९) या बंगाली पुस्तकात या कवितेतील संयमाचे मर्म उलगडून दाखविले.

प्रतिमावादी कवी : लंडनमधील टी. ई. ह्यूम, एफ्. एस्. फ्लिंट आदी तरुण कवींना १९०८–०९ च्या सुमारास व्हिक्टोरियन काव्यातील शब्दबाहुल्याचा उबग आला होता. नेमकी प्रतिमा आणि शब्दांची काटकसर यांचा नमुना त्यांना जपानी कवितेत आढळला. या चळवळीतील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग एझ्रा पाउंड (१८८५–१९७२) यांचा होय. पॅरिसच्या भुयारी रेल्वेस्थानकात गर्दीतील चेहरे पाहून त्यांनी तीस ओळींची कविता लिहिली व ती नष्ट केली. सहा महिन्यांनी तिच्या निम्म्या लांबीची कविता लिहिली. आणि आणखी वर्षभराने दोन ओळींची रचना सिद्ध झाली. ‘इन अ स्टेशन ऑफ द मेट्रो’ ही ती कविता १९१३ मध्ये प्रसिद्ध झाली. एका प्रतिमेवर दुसरी प्रतिमा ठेवण्याचे हे तंत्र आपण होक्कूवरून घेतल्याचे पाउंड यांनी १९१४ मध्ये नमूद केले. ॲमी लोएल यांचा पिक्चर्स ऑफ द फ्लोटिंग वर्ल्ड (१९१९) हा संग्रह आणि ॲडिलेड क्रॅप्सी (१८७८–१९१४) यांनी योजलेला पाच ओळींचा ‘सिंक्वेन’ हा रचनाबंध यांतही जपानी लघुकाव्याचा प्रभाव दिसतो. तथापि या कवींना हायकू लिहावयाचा नव्हता. इंग्रजी कवितेस सडपातळ करण्याचे एक साधन म्हणून त्यांनी त्याचा उपयोग केला.

अनुवादक आणि भाष्यकार : खऱ्या अर्थाने इंग्रजी हायकूचा पाया दुसऱ्या महायुद्धानंतर घातला गेला. आर्. एच्. ब्लाइथ (१८९८–१९६४) या इंग्रज अध्यापकास युद्धकाळात जपानमध्ये शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध करण्यात आले होते. त्यांचा हायकू हा चतुःखंडात्मक ग्रंथ १९४९–५२ या काळात प्रसिद्ध झाला. मूळ जपानी कविता, तिचा साधा यमकरहित अनुवाद आणि त्यावर भाष्य अशी त्याची मांडणी असून हायकूकडे पाहण्याची दृष्टी झेन बौद्ध मताची आहे. केनेथ यासुदा यांचा द जॅपनीज हायकू (१९५७) आणि हॅरल्ड जी. हेंडरसन (१८८९–१९७४) यांचा ॲन इंट्रोडक्शन टू हायकू (१९५८) हे ग्रंथही तितकेच प्रभावी ठरले. या दोघांनी अनुवादात यमकाचा अवलंब केला होता. पुढील कवींनी तो सोडून दिला. ब्लाइथ यांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात, जपानबाहेर व अन्य भाषांतून हायकूलेखन व्हावे, ही कोणाच्याही कल्पनेत नसलेली घटना असल्याचे सांगून तिचे स्वागत केले.

ब्लाइथ यांच्या ग्रंथांचे वाचन गॅरी स्नायडर, ॲलन गिन्झबर्ग व जॅक केरुॲक या ‘बीट’ संप्रदायातील लेखकांनी केले. केरुॲक यांच्या द धर्मा बम्स (१९५८) या कादंबरीमुळे हायकूचे नाव अमेरिकन तरुणांत सर्वतोमुखी झाले. इंग्रजी हायकूस सतरा अवयवांचे बंधन नको, तीन साध्या छोट्या ओळी पुरेत, असे केरुॲक यांचे मत होते.

संकटकाळातील हायकू : हायकू म्हणजे फुलापाखरांचा निरुपद्रवी छंद, असा एक समज आहे. त्यास छेद देणारी उदाहरणे या इतिहासात आहेत. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जपानी लोकांची हायकूमंडळे युद्धापूर्वीपासून होती. १९४२ मधील अध्यक्षीय आदेशान्वये सुमारे १,२०,००० जपानी वंशीयांना घरेदारे सोडून काटेरी तारांच्या आतील छावण्यांत जावे लागले; तेथेही त्यांचे हायकूलेखन चालू राहिले. त्या जपानी रचनांचा मेळ घालून व्हायोलेट काझुए दे क्रिस्तोफोरो यांनी १९९७ मध्ये त्या इंग्रजी अनुवादासह मे स्काय या संकलनात प्रसिद्ध केल्या. छावणीचा निषेध वा स्वतःविषयीची कणव उघडपणे बोलून न दाखविताही किती सांगता येते, याचा प्रत्यय त्यांतून येतो.

नेटिव्ह सन (१९४०) या कादंबरीने विख्यात झालेले कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइट (१९०८–६०) यांनी पॅरिसमध्ये आजारपणात काढलेल्या अखेरच्या सुमारे दीड वर्षात जवळजवळ ४,००० हायकू लिहिले. वंशद्वेषाविरुद्धच्या धगधगीत गद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या लेखकाने ५-७-५ चे बंधन काटेकोरपणे पाळले, हे लक्षणीय आहे. त्यांतून त्यांनी स्वतः निवडलेले ८१७ हायकू त्यांच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी, १९९८ मध्ये, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. एथरिज नाइट (१९३१–९१) यांच्या पोएम्स फ्रॉम प्रिझन (१९६८) या तुरुंगात लिहिलेल्या संग्रहातही हायकू आढळतात. आजाऱ्याची खोली, कोठडी आणि छावणी या तिन्ही ठिकाणी जग आकुंचित होते व जे थोडे दिसते त्याचे मोल वाढते. अशा वेळी हा प्रकार कवींना जवळचा वाटावा, हे त्याच्या स्वरूपास धरूनच आहे.

नियतकालिके व संस्था : केवळ इंग्रजी हायकूस वाहिलेले अमेरिकन हायकू हे नियतकालिक १९६३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील प्लॅटव्हिल येथे सुरू झाले. १९६४ मध्ये जपानच्या विमान कंपनीने अमेरिकेत घेतलेल्या स्पर्धेस सुमारे ४१,००० हायकू आले. तीत जेम्स हॅकेट (१९२९–२०१५) हे विजयी ठरले. १९६८ मध्ये न्यूयॉर्क येथे हेंडरसन यांच्या पुढाकाराने ‘हायकू सोसायटी ऑफ अमेरिका’ स्थापन झाली. मॉडर्न हायकू (१९६९) आणि फ्रॉगपाँड (१९७८) या नियतकालिकांनी कवींच्या पुढील पिढ्या घडविल्या. कोर व्हॅन डेन ह्यूव्हेल यांनी संपादिलेला द हायकू अँथॉलॉजी (१९७४) हा संग्रह आणि विल्यम हिगिन्सन (१९३८–२००८) यांनी पेनी हार्टर यांच्या सहकार्याने लिहिलेले द हायकू हँडबुक (१९८५) हे अनुक्रमे वाचकांचे व नवोदित कवींचे मार्गदर्शक ग्रंथ ठरले. ब्रिटनमधील हायकू संस्था १९९० मध्ये अस्तित्वात आली.

अवयवगणनेचा प्रश्न : इंग्रजी हायकूत सतरा अवयव असावेत, असे शालेय पुस्तकांतून दीर्घकाळ शिकविले गेले. हा नियम एका भाषिक गैरसमजावर आधारलेला आहे. जपानी कवितेत मोजला जातो तो ‘ओन’ हा घटक. तो इंग्रजीतील अवयवासारखा नसून मराठी वाचकास परिचित असलेल्या मात्रेस जवळचा आहे. दीर्घ स्वराचे दोन ओन होतात. अनुनासिक ‘न्’ व द्वित्तातील पहिले व्यंजन यांचाही प्रत्येकी एक ओन धरतात. त्यामुळे ‘निप्पोन’ या शब्दाचे इंग्रजी मोजणीने दोनच अवयव, परंतु जपानी मोजणीने चार ओन होतात. उलट ‘स्ट्रेंग्थ’ यासारखा व्यंजनांनी गजबजलेला इंग्रजी शब्द केवळ एका अवयवाचा असतो. परिणामी सतरा अवयवांच्या इंग्रजी कवितेत सतरा ओनांच्या जपानी कवितेपेक्षा बराच अधिक मजकूर मावतो आणि रिकामी जागा भरण्यासाठी विशेषणांचा भरणा होतो. म्हणून बहुतेक जाणकार कवी दहा ते चौदा अवयवांची रचना पसंत करतात. काही कवी एकाच ओळीत हायकू लिहितात. राइट यांच्यासारख्या कवीने सतरा अवयव सार्थ केले आहेत, हेही खरे. यावरून बंधन पाळणे वा न पाळणे ही गुणवत्तेची कसोटी नव्हे, असे म्हणता येईल.

आस्वाद व रचना : इंग्रजीत किरेजीचे काम ओळीचा शेवट किंवा संयोगरेषा करते. या विरामाने कवितेचे एक लहान व एक मोठे असे दोन भाग पडतात आणि त्यांच्यातील अंतरात अर्थ निर्माण होतो. उदाहरणार्थ, एका भागात शाळा सुटल्याची घंटा व दुसऱ्यात अजून हलत असलेला रिकामा झोपाळा, एवढेच असेल, तर तेथून नुकतेच निघून गेलेले मूल वाचकास दिसते. कवीने त्यात ‘उदास’ हा शब्द घातला, तर वाचकास करण्याजोगे काही उरत नाही. झोपाळ्यास जणू मुलाची आठवण येते असे म्हटले, तर कविता कल्पनाचमत्कृतीकडे झुकते. उपमा, मानुषीकरण, यमक व तात्पर्य यांविषयी इंग्रजी हायकूकार सावध असतात ते यामुळेच. दोन प्रतिमा फार जवळच्या असल्या तर कार्यकारणभाव उघडा पडतो, फार दूरच्या असल्या तर कोडे होते. योग्य अंतर साधणे हेच या रचनेतील खरे कौशल्य होय.

ऋतुशब्दाची अडचण अधिक खोल आहे. ‘श्रावण’ म्हणताच मराठी वाचकापुढे ऊन-पाऊस, सण, व्रते आणि शेकडो कविता उभ्या राहतात. जपानी किगोमागे असाच पिढ्यान्‌पिढ्यांचा संचय असतो व त्याचे कोशही असतात. निरनिराळ्या हवामानांत विखुरलेल्या इंग्रजी भाषकांस असा समान संचय नाही. हिगिन्सन यांनी हायकू वर्ल्ड (१९९६) या ग्रंथात जगभरच्या ऋतुशब्दांची सूची सिद्ध करून ही उणीव अंशतः भरून काढली.

पुनर्विचार : हायकू हा प्रत्यक्ष अनुभवलेल्या क्षणाचाच असला पाहिजे, या यासुदा-ब्लाइथप्रणीत आग्रहास हारुओ शिराने यांनी २००० मध्ये आव्हान दिले. बाशो व बुसोन यांच्या काव्यात कल्पना, इतिहास व पूर्वकवींचे संदर्भ यांना मोठे स्थान आहे, असे त्यांनी दाखवून दिले. मृत पत्नीचा कंगवा पायाखाली येऊन अंगावर शहारा आल्याचे बुसोनने एका हायकूत वर्णिले आहे. प्रत्यक्षात तेव्हा त्याची पत्नी जिवंत होती. या विवेचनानंतर इंग्रजी हायकूत स्मृती, कल्पना व भाषिक प्रयोग यांस अधिक वाव मिळाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हायकू इन इंग्लिश या संकलनात पाउंडपासूनच्या शंभर वर्षांतील ही विविधता पाहावयास मिळते.

मराठीत शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी हायकू रुजविला. मराठी हायकूत यमकाचा वापर बराच आढळतो, तर इंग्रजी हायकूने यमक त्यागून विरामावर भर दिला. प्रत्येक भाषेने आपल्या प्रकृतीनुसार मूळ प्रकारातील काही गमावले व काही नव्याने मिळविले. सतरा ओन इंग्रजीत आले नाहीत. पण थोडक्यात सांगून उरलेले वाचकावर सोपविण्याची वृत्ती आली, आणि इंग्रजी हायकूचे सत्त्व तिच्यातच आहे.