गळाचा खर्च

मागच्या महिन्यात पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, तीन हजारांत बरी रॉड आणि रीळ येईल का? दिवाळीच्या सुट्टीत कुंडलिकेवर गळ टाकून बसायचं म्हणतोय." फोनवर दोन वाक्यांत सांगून टाकले, पण विषय मनात राहिला. म्हटले, सविस्तर उत्तर इथेच लिहावे, म्हणजे बाकीच्या भाचे-पुतण्यांनाही वाचता येईल आणि ब्लॉगवरच्या मित्रमंडळींनाही. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला असल्यामुळे उत्तर बाराव्या शतकापासून सुरू होणार, त्याला इलाज नाही.

आणि बजेट म्हणाल तर त्यात रोहेकरांनी लाजू नये. १९५० ते १९५६ या काळात देशाचे बजेट मांडणारे चिंतामणराव देशमुख लहानपणी रोह्यातच वाढले. असो.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. राजाने वेळ कसा घालवावा याचे त्यात मोठे सविस्तर वर्णन आहे, आणि त्यातच 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, त्यांना काय खायला घालून एका जागी येण्याची सवय लावावी, दोरी कशी, काठी कशी, गळ कसा, असे सगळे त्यात येते. सुंदरलाल होरा या नामवंत मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणावर लिहिले, तेव्हा ते पुन्हा अभ्यासकांच्या नजरेत आले. मला त्यातली गंमत वाटते ती ही, की ज्याच्या खजिन्याला अंत नव्हता त्या राजाच्या सामानातही रीळ नाही. माशांचे खाणे, दोरी, काठी आणि गळ, बस्स. त्यानंतर साठेक वर्षांनी चीनमध्ये मा युआन या चित्रकाराने होडीत एकट्या बसलेल्या कोळ्याचे चित्र काढले, त्यात मात्र काठीवर चाक दिसते. मासेमारीच्या रिळाचे ते सर्वात जुन्या चित्रांपैकी एक समजले जाते.

आता आपल्याकडे या. पेण आणि रोहे ही दोन्ही गावे अशा जागी आहेत की भरतीचे पाणी त्यांच्या उंबऱ्याशी येते. पेणच्या भोगावतीला अंतोऱ्यापर्यंत गलबते येत, आणि कुंडलिकेचे खारे पाणी रेवदंड्याकडून रोह्यापर्यंत चढते. खाडीत ज्याच्याकडे होडी नि जाळे होते तो कोळी. ज्याच्याकडे होडी नव्हती पण पाग होता तो गुडघाभर पाण्यात उभा राहून पागायचा. आणि ज्याच्याकडे दोन्ही नव्हते तो गरवायला बसायचा. गळ हे मुळात ज्याच्याकडे काही नाही त्याचे हत्यार! शाळेतली पोरे, म्हातारी माणसे, कातकरी वाडीतले कुटुंब, यांच्या संध्याकाळच्या कालवणाची सोय त्यावर होई.

या गळाचा खर्च बघा. काठी बांबूच्या बेटातली, फुकट. पोकळ कळकापेक्षा भरीव मेसकाठी बरी, कारण ती वाकते पण चिरत नाही. दोरी सणाची किंवा सुताची, घरी मांडीवर वळलेली. ती पाण्यात कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवायची, जाळ्यांना देत तसाच रंग द्यायचा. तरंगायला मोरपिसाची काडी, बुडायला शिशाचा तुकडा. आमिषाला गांडूळ, नाहीतर कोलंबी. विकत आणावी लागे ती एकच वस्तू, गरी. त्यामुळे ती तळाच्या दगडात अडकली की पोरगे कपडे काढून पाण्यात उतरायचे. काठी मोडली तर कोणी रडत नसे.

तेवढी एकच विकतची वस्तू पण ती कुठून यायची? नॉर्वेतून. तिथल्या मुस्ताद नावाच्या कारखान्याने १८७७ साली गऱ्या करायचे यंत्र बसवले आणि पुढे जगभरच्या कोळीवाड्यांत त्यांच्या गऱ्या पोचल्या. लोहाराने ठोकलेल्या गरीचे टोक बोथट आणि अणकुची बेभरवशाची, यंत्राची गरी प्रत्येक वेळी सारखी. गळाच्या इतिहासातली गरिबाच्या फायद्याची पहिली मोठी गोष्ट माझ्या मते ही.

साहेबाचा गळ वेगळा होता. मद्रास इलाख्यातल्या हेन्री सलिव्हन थॉमस या अधिकाऱ्याचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ साली मंगळूरला छापले गेले, आणि १८८७ साली त्याने खास तळ्यांतल्या मासेमारीवर दुसरे लिहिले. काठ्या, रेशमी दोऱ्या, पितळी चाके, सगळे विलायतेहून मागवायचे. पण त्या विलायती काठीचा बांबू कुठला? एकोणिसाव्या शतकात बांबूच्या कांब्या तासून, सहा कांब्या चिकटवून महागड्या काठ्या बनू लागल्या, तेव्हा त्यासाठी पहिल्यांदा 'कलकत्ता केन' म्हणून हिंदुस्थानातलाच बांबू जात असे. पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकले. म्हणजे आपल्या पोराच्या हातातली फुकट काठी आणि साहेबाची शंभरपट किमतीची काठी, दोघींचे कूळ एकच.

खरी क्रांती काठीत झाली नाही, दोरीत झाली. अमेरिकेत ड्युपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स याने १९३५ साली नायलॉन तयार केले, १९३८ मध्ये ते जगापुढे आले आणि युद्धानंतर त्याची मासेमारीची दोरी सगळीकडे पसरली. आपल्याकडे तिला तंगूस म्हणतात. तंगूस कुजत नाही, पाण्यात जवळजवळ दिसत नाही, आणि सुताच्या मानाने निम्म्या जाडीत तेवढेच वजन पेलतो. सुताची दोरी दर दिवशी वाळवावी लागे, हिला काही नको. फक्त गाठ बदलावी लागली, कारण सुताची साधी गाठ तंगुसावर सरकते. दोरी गरीच्या नेढ्यातून काढून स्वतःभोवती पाच-सहा वेळा पिळायची, टोक पहिल्या फासातून घालायचे आणि ओढण्याआधी थुंकी लावायची. थुंकी कशाला, तर कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच कमकुवत होतो. (न कुजण्याची दुसरी बाजूही आहे. काठावर टाकून दिलेला तंगूस वर्षानुवर्षे तसाच राहतो आणि बगळ्या-खंड्यांच्या पायांत अडकतो. तुकडे घरी आणावेत.)

रिळाची गोष्ट मला सर्वात आवडते. रीळ म्हटले की मराठी घरात आधी शिवणाचे मशीन आठवते, आणि योगायोग असा की आजचे स्वस्त रीळ खरोखरच दोऱ्याच्या रिळातून जन्माला आले. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकर गिरण्यांच्या धंद्यातला आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने कातकामात कांडीच्या टोकावरून सूत सरसर सुटताना पाहिलेले होते. कांडी फिरत नाही, सूत सुटते. तीच युक्ती वापरून त्याने १९०५ साली रिळाचे पेटंट घेतले. त्याआधीच्या चाकात फेकताना चाक स्वतः फिरायचे, आणि नवशिक्याच्या हातून हमखास गुंता व्हायचा. इलिंगवर्थच्या रिळाने दोन तासांत कोणालाही फेक जमू लागली. आज दुकानात 'स्पिनिंग रीळ' म्हणून जे मिळते ते याचेच वंशज.

आपल्या भागात मात्र ते फार उशिरा आले. आयातीवर निर्बंध होते, त्यामुळे रीळ म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्याने किंवा आखातात गेलेल्या शेजाऱ्याने आणलेली चीज. ज्याच्याकडे असे, तो ते पेटीत कापडात गुंडाळून ठेवी. बाकीचे तंगूस रिकाम्या डब्यावर किंवा बाटलीवर गुंडाळून हातानेच फेकत, आणि मासे काही कमी मिळत नव्हते. १ एप्रिल २००१ रोजी ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे उरलेसुरले आयातनिर्बंध उठले आणि बघता बघता चिनी रिळे तालुक्याच्या गावापर्यंत आली. काठ्यांचेही तसेच. फायबर ग्लासची काठी अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात निघाली, कार्बनची १९७० च्या दशकात. आपल्या हातात दोन्ही जवळजवळ एकदमच पडल्या, म्हणून आपल्याला त्यांतला फरक कळायला वेळच मिळाला नाही.

तर फरक असा. कार्बनची काठी हलकी आणि ताठ, माशाचे हलके टोचणेही हाताला कळते. पण पुलाच्या कठड्यावर आपटली की बारीक तडा जातो आणि पुढच्या मोठ्या माशाला मोडते. शिवाय कार्बनमधून वीज वाहते, विजेच्या तारांखाली ती उंचावू नये. (हे गमतीने लिहीत नाही.) फायबर ग्लास जड आणि लवचीक, मेसकाठीची सख्खी बहीण. नवशिक्याने फायबर घ्यावी, आठ फुटांच्या आसपास, म्हणजे काठच्या चिखलावरून आणि खारफुटीवरून दोरी पुढे पडते. दुकानात कापसाचा बारीक बोळा प्रत्येक कडीतून ओढून बघावा. तंतू अडकला तर कडीला चीर आहे, तीच उद्या तंगूस कापणार.

रिळावर 'सात अधिक एक बेअरिंग' वगैरे छापलेले असते, तिकडे लक्ष देऊ नये. स्वस्तातली सात बेअरिंगे खाऱ्या पाण्यात महिन्याभरात कुरकुरू लागतात, तीन चांगली पुरतात. मूठ हलवून बघावी, खिळखिळी नको. मग पुढची चकती थोडी आवळून दोरा हाताने ओढावा. तो झटके न देता एकसारखा सुटला पाहिजे. याला ड्रॅग म्हणतात, आणि मोठा मासा काठीने नाही, ड्रॅगने दमवायचा असतो. दोरी जेवढे वजन पेलते त्याच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा ताणाला दोरा सुटेल इतकी चकती आवळावी. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन चकती सैल करून ठेवावी. एवढे केले तर साधे रीळही पाच-सहा वर्षे जाते.

माझा हिशेब विचाराल तर तीन हजारांतले पाचशे आधी बाजूला काढावेत, गरी, तंगूस आणि शिशासाठी. लोक काठी-रिळावर सगळे उधळतात आणि शेवटी उरलेल्या वीस रुपयांच्या गऱ्या घेतात, जणू मासा काठी बघायला येतो. उरलेल्यांत हजार काठीला, दीड हजार रिळाला. गरीच्या आकड्यांचा घोळ समजून घ्यावा. साधा आकडा वाढला की गरी लहान होते, दहा नंबर सहापेक्षा लहान. पण आकड्यापुढे तिरकी रेघ आणि शून्य असेल तर उलटे, मोठा आकडा म्हणजे मोठी गरी. काळुंदराला लहान, शिंगाळ्याला मधली, जिताड्याला शून्यवाली. शिंगाळा काढताना त्याच्या काट्यांना जपावे, तिथे बजेटचा प्रश्न नाही, दवाखान्याचा आहे. आणि दिवस निवडायला पैसे लागत नाहीत, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खेळते तेव्हा बसावे, अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला नाही.

जिताड्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. ऑस्ट्रेलियात ज्याला बारामुंडी म्हणतात तो हाच. तिथे नॉर्दर्न टेरिटरीत २०१५ पासून काही माशांना बिल्ले लावून सोडतात, त्यांतला ठरावीक मासा गळाला लागला तर दहा लाख डॉलर बक्षीस. आपल्या खारेपाटात त्याला घरामागच्या तळ्यात वाढवायची जुनी रीत आहे. भरतीच्या पाण्याबरोबर उघाडीतून आत आलेली पिल्ले तळ्यात सोडायची, पाहुण्याला वाढायची, आणि अडलेले काम असेल तर साहेबाच्या घरी एक पोचवायचा. हा मासा पिल्लू असताना नर असतो, काही वर्षांनी मादी होतो, आणि अंडी घालायला खाडीच्या मुखाशी उतरतो. म्हणजे नदी, खाडी आणि समुद्र तिन्ही ठिकाणी त्याला वाट मोकळी लागते.

कुंडलिकेला बारमाही पाणी असते, कारण मुळशी धरणाचे पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात येते. पण धाटावला सत्तरच्या दशकात रासायनिक कारखान्यांची वसाहत झाल्यापासून रोह्याखालची नदी पूर्वीची राहिली नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिका आहे. ज्या काळात गळाचे सामान शेवटी गरिबाच्या आवाक्यात आले, त्याच काळात त्याच्या दारातले पाणी बिघडले. आता गरवणारे वर कोलाडच्या बाजूला जातात, नाहीतर थेट खाली रेवदंड्याला, आणि मोटरसायकलचे पेट्रोल गळापेक्षा महाग पडते. चेन्नईच्या केंद्रीय संस्थेने १९९७ साली जिताड्याचे बीज बंदिस्त जागेत तयार करून दाखवले, तेव्हापासून तळ्यासाठी बीज विकतही आणता येते. पेणच्या बाजारात मोठा जिताडा दिसला तर तो बहुतेक कोणाच्या तरी तळ्यातला असतो, आणि तिथे मालकाला विचारल्याशिवाय गळ टाकता येत नाही.