तळटीप २३ : येशूची वंशावळ

२३. वंशावळ : पाहा मत्तय १:१–१७. वरवंडला (ता. दौंड) वंशावळ लागते ती सातबाऱ्यावर वारसनोंद करताना, मत्तयलाही वारसाच सिद्ध करायचा आहे. अब्राहाम ते दावीद, तेथून बाबेलचा बंदिवास, तेथून ख्रिस्त, अशा चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे तो मांडतो. पुरुषांच्या या यादीत मरीयेआधी तामार, राहाब, रूथ व उरीयाची पत्नी येतात. राहाब यरीहोची, रूथ मवाबी, म्हणजे परक्या कुळांतल्या. यादी मरीयेचा पती योसेफ याच्यापर्यंत येते, पण तो येशूचा जन्मदाता नव्हे. तरी बाळाचे नाव तोच ठेवतो (१:२५), म्हणजे त्याला आपला मुलगा म्हणून स्वीकारतो. कॅथलिक शिकवणुकीनुसार या कायदेशीर पितृत्वामुळे येशू दाविदाच्या घराण्यातला ठरतो. हा उतारा १७ डिसेंबरच्या मिस्सात वाचतात. लूक (३:२३–३८) मात्र येशूपासून मागे आदामापर्यंत जातो.