बंगळुरूची ‘वज्र’ बस : खालच्या तळाच्या प्रवासाची दोन दशके

भारतीय शहरांतील खालच्या तळाच्या, म्हणजेच लो-फ्लोअर, बसचा इतिहास बंगळुरूपासून सांगावा लागतो. बंगळुरू महानगर परिवहन महामंडळाने (बीएमटीसी) जानेवारी २००६ मध्ये व्होल्वो कंपनीची ‘बी७आरएलई’ ही वातानुकूलित एकमजली बस शहर वाहतुकीत आणली. पुढे ‘वज्र’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली.

पार्श्वभूमी

देशातील शहर बस दीर्घकाळ मालमोटारीच्या सांगाड्यावर बांधल्या जात. इंजिन पुढे, चालकाच्या शेजारी असे. तळाची उंची ९०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असल्याने दोन-तीन उंच पायऱ्या चढाव्या लागत. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि अपंग प्रवाशांना ही चढण त्रासदायक होती. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीसाठी तर बसचे दार जवळजवळ बंदच होते. युरोपात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून खालच्या तळाच्या बसचा प्रसार झाला. भारतात मात्र त्यासाठी नव्या शतकाची वाट पाहावी लागली.

व्होल्वोने २००१ मध्ये ‘बी७आर’ ही लांब पल्ल्याची बस भारतीय बाजारात आणली. बंगळुरूजवळ होसकोटे येथे कंपनीचा कारखाना असल्याने शहर बसचा पहिला प्रयोग याच शहरात होणे स्वाभाविक होते. १५ ऑगस्ट १९९७ रोजी स्थापन झालेल्या बीएमटीसीपुढे तेव्हा माहिती तंत्रज्ञान उद्योगातील नोकरदारांना खासगी मोटारींकडून बसकडे वळविण्याचा प्रश्न होता.

रचना

सुमारे १२ मीटर लांबीच्या या बसचे सात लिटर क्षमतेचे, सहा सिलिंडरचे इंजिन मागील बाजूस आहे. त्यामुळे पुढील दारापासून मधल्या दारापर्यंतचा तळ सपाट आणि रस्त्यापासून सुमारे ४०० मिलिमीटर उंचीवर ठेवता आला. मागील चाकांजवळ मात्र तळ उंचावतो. म्हणून तांत्रिक भाषेत या नमुन्यास ‘लो-एंट्री’ म्हणतात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या निलंबन यंत्रणेमुळे थांब्यावर बस दाराच्या बाजूस किंचित झुकविता येते. गिअर आपोआप बदलत असल्याने गर्दीच्या रस्त्यावर चालकाचे श्रमही कमी होतात.

प्रसार

मॅजेस्टिक ते काडुगोडी हा ३३५-ई मार्ग आणि बाह्य वर्तुळाकार रस्त्यावरील ५०० क्रमांकाचे मार्ग ‘वज्र’मुळे विशेष परिचित झाले. मे २००८ मध्ये देवनहळ्ळी येथील विमानतळ सुरू झाल्यावर ‘वायु वज्र’ सेवेने तो शहराशी जोडला गेला. याच काळात ‘व्होल्वो’ हा शब्द वातानुकूलित बसचा पर्याय म्हणून बोलीत रुळला.

जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून २००९ पासून बसखरेदीला केंद्राचे साहाय्य मिळाले. त्यातून म्हैसूर, नवी मुंबई आदी शहरांतही अशा बस दिसू लागल्या. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेपूर्वी सीएनजीवर चालणाऱ्या खालच्या तळाच्या बस मोठ्या संख्येने आल्या. पुढे नागरी बसच्या केंद्रीय निकषांत ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर असे तळाचे तीन वर्ग ठरविण्यात आले.

मर्यादा

किंमत, सुटे भाग आणि इंधनाचा खर्च अधिक असल्याने ‘वज्र’चे भाडे साध्या बसपेक्षा बरेच जास्त राहिले. परिणामी ज्यांना खालच्या तळाची सर्वाधिक गरज होती, त्यांतील अनेकांना तिकीट परवडत नव्हते. कर्नाटक शासनाने ११ जून २०२३ पासून स्त्रियांसाठी मोफत प्रवासाची ‘शक्ती’ योजना सुरू केली. मात्र तीतूनही वातानुकूलित बस वगळण्यात आल्या.

दुसरी अडचण रस्त्याची. बस पदपथाला लागून उभी राहिली तरच खालच्या तळाचा पूर्ण लाभ मिळतो. थांब्यापुढे वाहने उभी असल्यास प्रवाशाला रस्त्यावर उतरूनच बस गाठावी लागते आणि उताराची फळी निरुपयोगी ठरते.

विजेचे पर्व

बीएमटीसीने फेब्रुवारी २०१४ मध्ये विजेवरील बसची प्रायोगिक धाव घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये टाटा कंपनीच्या १२ मीटर लांबीच्या, खालच्या तळाच्या १०० विद्युत बस ताफ्यात दाखल झाल्या. त्या वातानुकूलित नाहीत आणि त्यांचे भाडे साध्या बसचेच आहे. खालचा तळ आणि चढे भाडे यांची २००६ पासूनची सांगड अशा रीतीने सुटली.

व्होल्वोचा भारतातील बस व्यवसाय २०२० मध्ये व्होल्वो-आयशर यांच्या संयुक्त कंपनीकडे सोपविण्यात आला. ‘वज्र’च्या पहिल्या पिढीतील बस आता निवृत्त झाल्या आहेत. तथापि शहर बसचे दार रस्त्याच्या जवळ असू शकते, ही अपेक्षा भारतीय प्रवाशांत रुजविण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.