तृतीयपंथीयांना मोफत वकील : हक्क कायद्यात, अडचण कागदांत

लातूर-बार्शी रस्त्यावरचे मुरुड हे लातूर तालुक्यातील बाजारपेठेचे मोठे गाव. (रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिरा निराळे.) येथील एखाद्या तृतीयपंथीयाला घराच्या वाट्यासाठी, मारहाणीच्या तक्रारीसाठी किंवा जामिनासाठी वकील हवा असेल आणि हाताशी पैसा नसेल, तर त्याला लातूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते. तेथून पुढची पायरी म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ. तेथेही विधी सेवेची स्वतंत्र उपसमिती आहे.

या मदतीचा पाया राज्यघटनेच्या ३९-अ या अनुच्छेदात आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये तो घातला गेला. प्रत्यक्ष यंत्रणा उभी राहिली ती विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ मुळे, आणि हा कायदा अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. कलम १२ मध्ये पात्र व्यक्तींची यादी आहे : अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया व बालके, अपंग, मानवी व्यापाराचे किंवा वेठबिगारीचे बळी, आपत्तीग्रस्त, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे. महाराष्ट्रात ही उत्पन्नमर्यादा वार्षिक तीन लाख रुपये ठेवण्यात आली. १९८७ च्या या यादीत तृतीयपंथीयांचा वेगळा उल्लेख केलेला नव्हता. त्यामुळे जात, उत्पन्न, कोठडी किंवा अन्य एखाद्या दाराने त्यांना आत यावे लागते. दलित तृतीयपंथीयाला तर उत्पन्नाची अटही लागू होत नाही.

गंमत अशी, की तृतीयपंथीयांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात गेले ते हेच राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण. २०१२ मध्ये दाखल झालेल्या त्या याचिकेत लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही हस्तक्षेप केला होता. १५ एप्रिल २०१४ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन व न्या. ए. के. सिक्री यांनी 'तृतीय लिंग' या ओळखीला मान्यता दिली आणि या समूहाला सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानण्याचे निर्देश सरकारांना दिले. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ४ लाख ८८ हजार व्यक्तींची नोंद 'इतर' या लिंगरकान्यात झाली होती. त्यातले सुमारे ४१ हजार महाराष्ट्रातले.

मराठवाड्यापुरता या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ब्रिटिश हद्दीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानाने १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, याच धर्तीचा आपला कायदा केला. स्त्रीवेश करून सार्वजनिक जागी नाचगाणे केल्यास विनावॉरंट अटक, अशी त्यात तरतूद होती. तेलंगणात तो कागदावर तसाच राहिला आणि तेथील उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. पोलिस ठाण्याची पायरी चढताना आजही पाय का अडखळतो, याचे उत्तर अशा इतिहासात थोडेफार सापडते.

मदत मिळाली म्हणजे काय मिळते? वकिलाची फी, न्यायालयीन शुल्क, नोटिसांचा खर्च आणि निकालाच्या प्रमाणित प्रती. अर्ज साध्या कागदावरही करता येतो. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० असा आहे. उत्पन्नाबाबत अर्जदाराचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येईल, असे कलम १३ सांगते. मात्र तेवढ्यावर न थांबता टेबलावर तहसीलदारांचा दाखला मागितला गेला, तर ज्याच्याकडे शिधापत्रिकाच नाही त्याची वाट तिथेच खुंटते.

खरी मेख कागदांचीच आहे. अनुसूचित जातीचा दाखला काढायचा तर महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि तो असतो वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाने. घरातून हाकलून दिलेल्या मुलाने तो कोणाकडे मागायचा? २०१९ च्या तृतीयपंथीय हक्क संरक्षण कायद्याखालील ओळख प्रमाणपत्राचीही तीच कथा. २०२० च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करणाऱ्याला त्या हद्दीत सलग बारा महिने वास्तव्याची अट घातली. पोटासाठी मुंबई-पुण्याला ये-जा करणाऱ्याला, डेऱ्यावर गुरूच्या आसऱ्याने राहणाऱ्याला ती सोपी नाही. म्हणूनच विधी सेवेचे पहिले काम पुष्कळदा खटल्याचे नसते. कागद जमवून देण्याचे असते.

वडिलोपार्जित जमिनीत वाटा नाही, असे घरचे सांगतात. हिंदू कुटुंबात २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच आहे. तेव्हा नोंद कोणत्याही रकान्यात असो, ओळख बदलली म्हणून हक्क बुडतो हा समज निराधार आहे. सात-बाऱ्यावरून परस्पर नाव कमी झाले असेल, तर ही मोफत सेवा उपयोगी पडते.

हिंसेच्या बाबतीत कायदाच तोकडा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरतीच ठेवण्यात आली आणि जुने कलम ३७७ पूर्णपणे गेले. २०१९ च्या मूळ कायद्यात लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षे एवढीच शिक्षा होती. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मात्र, शस्त्रक्रियेनंतर स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तीला कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण मागता येते, असे म्हटले.

दाद मागितल्यावर काय होऊ शकते, याचे उदाहरण औरंगाबाद खंडपीठातच आहे. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत महिला प्रवर्गातून अंजली पाटील यांनी भरलेला अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला होता. न्या. रवींद्र घुगे यांनी २ जानेवारी २०२१ रोजी तो स्वीकारण्याचा आदेश दिला. पुढे त्या निवडूनही आल्या. न्यायासनाच्या दुसऱ्या बाजूलाही बदल दिसला. नागपूरच्या लोकअदालतीत २०१८ मध्ये विद्या कांबळे यांची पॅनेल सदस्य म्हणून नेमणूक झाली. त्याआधी, २०१७ मध्ये, पश्चिम बंगालमधील इस्लामपूरच्या लोकअदालतीत जोयिता मंडल बसल्या होत्या.