हेमलॉक, सांबार आणि लाखोळी

सॉक्रेटिसाचा विषाचा प्याला आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. इ. स. पूर्व ३९९ मध्ये अथेन्स येथे त्याला दिलेले विष हेमलॉक या वनस्पतीचे होते, असे मानतात. प्लेटोच्या वर्णनात आधी पाय जड होतात, मग बधिरता वर चढत जाते. ही वनस्पती मात्र जिरे, ओवा, गाजर यांच्या कुळातली. आपण नागपूरकर ज्याला सांबार म्हणतो, त्या कोथिंबिरीची ती नातलग! लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली तिला 'कोनियम मॅक्युलेटम' म्हटले. मॅक्युलेटम म्हणजे ठिपकेदार. देठावरचे जांभळे ठिपके नावात आले, विष आले नाही.

हेमलॉक आपल्या धानाच्या बांध्यांत उगवत नाही. परंतु पाय निकामी करू शकणारे एक कडधान्य पूर्व विदर्भात पिढ्यान् पिढ्या पेरले गेले. ते म्हणजे लाख किंवा लाखोळी. धान कापण्यापूर्वी ओल्या बांधीत बी फेकले की झाले. नांगरट नको, पाणी नको. ही वाटाण्या-हरभऱ्याच्या कुळातली. लिनिअसने त्याच ग्रंथात तिला 'लॅथिरस सॅटायव्हस' हे नाव दिले. सॅटायव्हस म्हणजे पेरून घेतलेले. कोथिंबिरीच्या शास्त्रीय नावातही हाच शब्द आहे. नावावरून भरवसा ठेवावा तरी कसा?

थोडी लाख खाल्ल्याने सहसा काही होत नाही. महिनोन् महिने तीच मुख्य अन्न झाली, तर मात्र पाय ताठरतात, माणूस काठीवर येतो, आणि गेलेले पाय परत येत नाहीत. गहू बुडाल्यानंतर सागरच्या मुलखात १८३३ च्या सुमारास तरुण माणसे अशी अधू झाल्याचे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. पुढे मध्यप्रांतात १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे दुष्काळ पडले. मेजर ब्युकॅनन यांनी १८९६ ते १९०२ या काळातील या रोगाचा अहवाल तयार केला. तो १९०४ साली नागपुरातच छापला गेला. इतर पिके वाळतात तेव्हा लाख तग धरते. म्हणून दुष्काळात गरिबाच्या ताटात तीच उरे. काही भागांत मजुरीही लाखेतच देत. जमीनदाराचे पाय शाबूत राहिले, ते त्याच्या ताटात दुसरेही काही असे म्हणून.

केंद्र सरकारने १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आणली. तिच्यातील विषद्रव्य नेमके कोणते, हे मात्र १९६४ मध्ये कळले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व शर्मा यांचा त्यात मोठा वाटा होता. हे द्रव्य पाण्यात विरघळते, त्यामुळे डाळ भिजवून, उकळून ते पाणी टाकून दिले की बरेचसे कमी होते. २०१६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी विषाच्या वाणांना अनुकूल मत दिले.

तूरडाळीत आणि बेसनात लाखेची भेसळ फार जुनी. अख्खा दाणा ओळखणे अवघड नाही : हरभऱ्याला चोच असते, वाटाणा गोल असतो, लाखेचा दाणा चपट्या बाजूंचा, पाचरीसारखा कोनेदार असतो.