चीरक

माशीमार कुलातील गाणारा पक्षी. शास्त्रीय नाव कॉप्सिकस फुलिकॅटस. लिनियसने 1766 मध्ये त्याचे वर्णन केले. जुन्या पुस्तकांत तो स्वतंत्र प्रजातीत आहे, आता दयाळाच्या प्रजातीत गणतात. पूर्णा (जि. परभणी) येथील माळ, बांध आणि परसांत तो बारमाही राहतो. त्याच्या पाठीच्या रंगावर विसंबू नये. उत्तरेकडील नर पाठीवर तपकिरी, दक्षिणेकडील काळेकुळकुळीत असतात. महाराष्ट्रात मधली उपजात आढळते. भरवशाची खूण म्हणजे पाठीवर उभारलेली शेपटी आणि तिच्या बुडाशी विटकरी रंग. नराच्या खांद्यावर पांढरा पट्टा असतो, राखी-तपकिरी मादीला तो नसतो. बुड लाल बुलबुलाचेही असते, हे खरे. पण बुलबुल झाडाझुडपांवर वावरतो, चीरक जमिनीवर टुणटुण उड्या मारत किडे टिपतो. दयाळ नराचे पोट पांढरे असते, चीरकाचे काळे.

त्याला अंगणात आणण्याचा मार्गही या जमिनीवरच्या वावरातूनच सापडतो. पक्ष्यांसाठी दाणे टाकण्याची आपली रीत चांगलीच. तिने चिमण्या, होले येतात. चीरकाला मात्र दाण्यांचे अप्रूप नाही, त्याला मुंग्या, वाळवी, कोळी हवेत. म्हणून परसाचा एक कोपरा फरशीविना ठेवावा, पालापाचोळा झाडू नये आणि कीटकनाशक फवारू नये. अशाने कीड माजेल, ही शंका रास्त आहे. पण घरालगतची जागा साफ ठेवून कुंपणाकडची तेवढी मोकळी सोडता येते. विंचू-सापांच्या भीतीवरही हाच तोडगा: दगडांचा ढीग भिंतीला लावू नये, दूर रचावा. पाण्याचे उथळ भांडे उन्हाळ्यात जरूर असावे, मात्र किड्यांची उणीव त्याने भरून निघत नाही.

दुसरी गरज घरट्याची. चीरक भिंतीतील भोकात किंवा दगडाआड गवत, केस यांचे घरटे करतो. क्वचित सापाची कातही अंथरतो. माळवदाच्या घरांच्या जाड मातीच्या भिंतींत अशा जागा आपोआप मिळत. गिलावा केलेल्या सिमेंटच्या भिंतीत त्या मिळणार कुठून? कुंपणाच्या भिंतीत एखादा कोनाडा मुद्दाम ठेवावा. अंडी साधारण 2 ते 4. ती मादीच उबवते आणि 10 ते 12 दिवसांत पिले बाहेर येतात. तेवढे दिवस कोनाड्यात डोकावू नये.